राजा आडनावाच्या ओळीत सापडत नाही

२०२३ मध्ये राज्य सरकारनं कुणबी नोंदी शोधण्यासाठी न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली आणि ठाण्यात माझ्याकडे येणाऱ्यांची संख्या एकदम वाढली. मी मोडी वाचून देतो. ज्या घरांत आजोबांच्या वडलांचं नाव कधी कुणी विचारलं नव्हतं, त्या घरांतली माणसं कोतवाल बुकातल्या नोंदीची झेरॉक्स, शाळेचा दाखला, सात-बारा आणि फेरफार प्लास्टिकच्या पिशवीत घालून येऊ लागली. नोंद कुणाची आहे आणि ती व्यक्ती आपली कोण लागते हे दाखवायला वंशावळ लागते. त्यामुळे पणजोबा, खापरपणजोबा यांची चौकशी अचानक निकडीची झाली.

कागद वाचून झाले, चहा झाला, की मग मनातला प्रश्न बाहेर येतो. मध्यंतरी शेलार आडनावाचे एक काका आले होते. सोबत त्यांची आई होती, नव्वदीच्या घरातली. काकांनी पिशवीतून एक फ्रेम काढली. कुणीतरी पैसे घेऊन करून दिलेली वंशावळ होती ती. खाली काका, त्यांच्यावर वडील, आजोबा, पणजोबा. मग एक मोकळी जागा. आणि सगळ्यात वर सोनेरी अक्षरांत शिलाहार राजा. “आम्ही शेलार म्हणजे शिलाहारच ना? मग अंबरनाथचं देऊळ आमच्याच लोकांनी बांधलं की!” काकांचे डोळे चमकत होते. त्यांना त्या दिवशी मी नीट उत्तर देऊ शकलो नाही, कारण उत्तर लांब आहे. ते इथे लिहितो.

त्याआधी दोन शब्दांचे अर्थ पक्के करू. पूर्वज म्हणजे आई आणि वडील अशा दोन्ही बाजूंनी मागे जाताना भेटणारा प्रत्येक माणूस. वंशावळ म्हणजे बाप, मुलगा, नातू अशी लिहून ठेवलेली एकच ओळ. या दोन गोष्टी एक समजल्या की सगळा गोंधळ सुरू होतो.

ठाण्याचे राजे होते कोण?

ठाण्याचं जुनं नाव श्रीस्थानक. उत्तर कोकणावर शिलाहारांनी नवव्या शतकापासून १२६५ च्या सुमारापर्यंत राज्य केलं. आधी ते राष्ट्रकूटांचे मांडलिक होते. कान्हेरीच्या लेण्यांतल्या लेखांत पुलशक्ती आणि दुसरा कपर्दी या सुरुवातीच्या राजांची नावं आजही वाचता येतात. अंबरनाथच्या शिवालयातला लेख शके ९८२ चा, म्हणजे इ.स. १०६० चा, आणि त्यात मुम्मुणी राजाचा उल्लेख आहे. पहिल्या अपरादित्यानं याज्ञवल्क्य स्मृतीवर लिहिलेली टीका धर्मशास्त्राचे अभ्यासक आजही काढून बघतात. म्हणजे काकांना ज्यांचा अभिमान वाटतो ती माणसं अभिमान वाटावा अशीच होती.

शेवटचा राजा सोमेश्वर. देवगिरीच्या महादेव यादवानं कोकणावर हत्तींचं सैन्य घातलं. सोमेश्वर जमिनीवर हरला आणि समुद्रात गेला. तिथेही यादवांनी पाठ सोडली नाही आणि तो बुडाला. यादवांचा मंत्री हेमाद्री लिहितो की महादेवाच्या क्रोधाग्नीपेक्षा सोमेश्वराला समुद्राच्या पोटातला अग्नी, म्हणजे वडवानल, बरा वाटला. बोरिवलीजवळ एकसरला जे वीरगळ, म्हणजे लढाईत पडलेल्या वीरांचे स्मारकदगड, आहेत, ज्यांवर जहाजांची लढाई कोरली आहे, ते याच युद्धाचे असं काही अभ्यासक मानतात. त्यानंतर श्रीस्थानकात यादवांचे अधिकारी आले. सोमेश्वराच्या मुला-नातवंडांची ओळ तिथून पुढे कुठल्याही लेखात चालू राहत नाही. काकांच्या फ्रेममधली मोकळी जागा नेमकी इथून सुरू होते.

दोन, चार, आठ, सोळा

आता हिशोब. प्रत्येकाला आई-वडील दोन. आजी-आजोबा दोन्हीकडचे मिळून चार. पणजी-पणजोबा आठ. प्रत्येक पिढीला आकडा दुप्पट. एका पिढीला साधारण २५ वर्षं धरा. दहा पिढ्या मागे गेलात की १७७५ च्या आसपास पोचता, इंग्रजांनी ठाण्याचा किल्ला नुकताच घेतलेला असतो, आणि तुमच्या पूर्वजांच्या जागा असतात १,०२४. शिवराज्याभिषेकापर्यंत, म्हणजे १६७४ पर्यंत, चौदा पिढ्या होतात आणि जागा होतात १६,३८४. सोमेश्वर बुडाला त्या काळापर्यंत साधारण तीस पिढ्या. जागा किती? १०७ कोटी.

आडनावाची ओळ यातली किती? एक. १०७ कोटींतली एक. फ्रेममध्ये जी असते ती ही एक.

एवढी माणसं होती कुठे?

हा प्रश्न लगेच यायलाच हवा, कारण त्या वेळी साऱ्या जगाची लोकसंख्याच ५० कोटींच्या आत होती. उत्तर आपल्या घरांतच आहे. मामाच्या मुलीशी लग्न आपल्याकडे चालतं, बऱ्याच घरांत आवडीनं होतं. अशा जोडप्याच्या मुलांचे पणजी-पणजोबा मोजून बघा. आठ भरत नाहीत, सहाच भरतात, कारण नवऱ्याचे आईकडचे आजी-आजोबा आणि बायकोचे वडलांकडचे आजी-आजोबा ही तीच दोन माणसं. जागा आठ, माणसं सहा.

हेच दूरच्या नात्यांत सतत होत असतं. पंचक्रोशीतल्या पंचक्रोशीत सोयरीक झाली की नवरा-बायको पाच-सात पिढ्यांमागे कुठेतरी एकाच घराला जाऊन मिळतात, त्यांना पत्ताही नसतो. म्हणून मागे जाताना झाड काही काळ रुंदावतं आणि मग तीच तीच माणसं पुन्हा पुन्हा येऊ लागतात. एकच बाई तुमच्या झाडावर हजार ठिकाणी बसलेली असू शकते. १०७ कोटी जागा आणि त्या भरायला कोकण-देशावरची काही लाख माणसं, असा तो प्रकार आहे.

मग राजाही त्या जागांवर असणार?

बहुधा हो. हे समजायला विरजण आठवा. चमचाभर विरजण दुधात घातलं की दोनच शक्यता असतात. एक तर ते लागतच नाही, नाही तर लागतं आणि सकाळपर्यंत सगळं पातेलं दही होतं. अर्धं पातेलं दही आणि अर्धं दूध असं टिकून राहत नाही. माणसाच्या वंशाचंही तसंच. राजाची मुलं-नातवंडं युद्धात, साथीत गेली तर वंश पहिल्या दोन-चार पिढ्यांत खुंटतो. तेवढ्यातून तरला तर लेकी-सुनांच्या वाटेनं पसरत पसरत सगळ्या मुलखाचा होतो.

जोसेफ चँग या संख्याशास्त्रज्ञानं १९९९ मध्ये हे गणितानं मांडलं. एक लाख वस्तीचा मुलूख घ्या, जिथं बाहेरून कुणी येत नाही आणि लग्नं कुणाचीही कुणाशी होतात. त्याच्या सूत्रानुसार जवळपास १७ पिढ्या मागे गेलं की आज जिवंत असलेल्या सगळ्यांचा एक तरी सामाईक पूर्वज सापडतो. आणि साधारण ३० पिढ्या मागे गेलं की त्या वेळचा प्रत्येक माणूस दोनपैकी एका गटात जातो: एक तर आजच्या सगळ्यांचा पूर्वज, नाही तर कुणाचाच नाही. पाचातले चार पहिल्या गटात. अशा मुलखात सोमेश्वराच्या काळच्या राजाचा वंश तरला असेल तर तो साऱ्यांचा पूर्वज. आणि त्याच्या घोड्याची लीद काढणारा माणूसही साऱ्यांचा पूर्वज.

हे नुसतं कागदावरचं नाही. २०१३ मध्ये युरोपातल्या दोन हजारांहून अधिक लोकांचे डीएनए ताडून पाहिले तेव्हा असं दिसलं की युरोपच्या दोन टोकांना राहणाऱ्या दोन माणसांचेही हजार वर्षांमागे भरपूर सामाईक पूर्वज आहेत. तिथं आठव्या-नवव्या शतकातल्या शार्लमेन बादशहाचा वंशज असणं ही विशेष गोष्ट राहिलेली नाही, कारण जवळजवळ प्रत्येकजण तो आहे.

“अहो, पण आपल्याकडे जात आहे!”

सगळ्यात वजनदार आक्षेप हा आहे, आणि तो टाळून पुढे जाणारे लेख मला पटत नाहीत. ‘लग्नं कुणाचीही कुणाशी होतात’ हे चँगचं गृहीतक आपल्याकडे उघडउघड खोटं आहे. हैदराबादची सीसीएमबी ही संस्था आणि हार्वर्डचे संशोधक यांनी २०१३ मध्ये भारतातल्या ७३ समूहांच्या डीएनएचा अभ्यास मांडला. त्यात दिसलं की साधारण ४,२०० ते १,९०० वर्षांपूर्वीच्या काळात इथं मोठी सरमिसळ झाली. पुढे ती आटली आणि लग्नं आपापल्या गटात होऊ लागली. २०१६ मध्ये पश्चिम बंगालमधल्या कल्याणीच्या संस्थेतल्या संशोधकांनी हे दार काही समूहांत सुमारे ७० पिढ्यांपूर्वी बंद झालं असं दाखवलं. सोमेश्वर आपल्यापासून तीसच पिढ्या दूर आहे. म्हणजे त्याच्या काळी दारं केव्हाच लागलेली होती.

याचा अर्थ आपल्याकडे एक पातेलं नाही, अनेक पातेली आहेत, झाकण लावलेली. मग विरजण एकातून दुसऱ्यात जाणार कसं?

ज्यांच्या घरी दूधदुभतं आहे त्यांना विचारा. पातेली वेगळी ठेवली तरी एक ओला चमचा पुरतो. तीस पिढ्यांत एखाद्या जातीत बाहेरून एकच माणूस आला, एकच मूल जन्मलं आणि त्याचा वंश तरला, तर दुपटीचं गणित त्या जातीच्या आत सुरू होतं आणि वीसेक पिढ्यांत ती जात व्यापतं. आत-आतच लग्नं होत असल्यामुळे तर ते अधिकच लवकर व्यापतं. आणि असे ओले चमचे आपल्या इतिहासात किती होते, हे जुने कागद वाचणाऱ्याला ठाऊक असतं. मोठ्या घराण्यांच्या दप्तरांत ‘लेकावळे’ हा शब्द येतो: लग्नाच्या नसलेल्या बाईपासून झालेली मुलं. घराण्याच्या वंशावळीत त्यांना जागा नव्हती. पण ती मुलं जगली, त्यांची लग्नं झाली, त्यांना मुलं झाली. दुष्काळात गाव सोडून गेलेली माणसं नव्या गावात नव्या नावानं राहिली. कुळंबिणी, म्हणजे दासी, विकल्या गेल्या, दुसऱ्या मुलखात नेल्या गेल्या.

म्हणून माझं उत्तर असं: भारतात ‘सगळेच शिलाहारांचे वंशज’ असं छातीठोकपणे म्हणता येत नाही, युरोपात म्हणता येतं तसं. पण ‘अमुक जातीचे आहेत आणि तमुक जातीचे असूच शकत नाहीत’ असंही म्हणता येत नाही. आणि राजाचा अंश ज्या वाटांनी पसरला असेल त्यातल्या बऱ्याच वाटा कुणी अभिमानानं फ्रेममध्ये लावाव्या अशा नव्हत्या. त्या बायकांनी काय सोसलं असेल, हे हा हिशोब करताना माझ्या मनातून जात नाही.

आडनाव जुळतं, हा पुरावा नाही का?

शेलार आणि शिलाहार, साळुंखे आणि चालुक्य, कदम आणि कदंब, मोरे आणि मौर्य, जाधव आणि यादव. ध्वनी जुळतात, आणि काही ठिकाणी शब्दाचं मूळ खरंच एक असेल. पण शब्दाचं मूळ एक असणं आणि रक्ताचं मूळ एक असणं वेगळं. राजाचं नाव राजाच्या मुलांनीच घेतलं असं नाही. त्याच्या पदरच्या सरदारांनी घेतलं, शिपायांनी घेतलं, त्याच्या गावच्या लोकांना ते चिकटलं. जाधव, पवार, मोरे, शिंदे ही आडनावं महाराष्ट्रात किती वेगवेगळ्या जातींत आहेत ते बघा.

शिवाय कागदोपत्री कायमचं आडनाव ही सवय बरीच अलीकडची. जुन्या मोडी कागदांत माणूस ‘अमुक बिन तमुक’ असा येतो, बिन म्हणजे ‘चा मुलगा’. पुढे वतन असेल तर पाटील, कुळकर्णी, देशमुख. नाही तर गावाचं नाव. एकाच घरातल्या दोन भावांची पोरं दोन आडनावांनी नोंदलेली मी स्वतः वाचली आहेत.

आणि दत्तक विसरू नका. कोल्हापूरचे राजर्षी शाहू महाराज जन्मानं कागलच्या घाटग्यांचे. १८८४ मध्ये ते छत्रपतींच्या गादीवर दत्तक आले. गादी त्यांची, वंश त्यांचा, कार्य तर त्यांचं आहेच. यात कुणाला शंका नाही. कारण वंशावळ हे रक्ताचं मोजमाप कधी नव्हतंच. ते वारशाचं आणि जबाबदारीचं मोजमाप होतं. हे एकदा पटलं की बाप-मुलाच्या ओळीत रक्त शोधण्याचा हट्ट आपोआप सैल होतो.

स्वतः राजेही हेच करत. ठाण्याच्या किल्ल्याच्या कामासाठी खणताना अठराव्या शतकाच्या अखेरीस शिलाहारांचे ताम्रपट सापडले, शके ९३९ चे, म्हणजे इ.स. १०१७ चे, अरिकेसरी राजाचे. अशा ताम्रपटांत राजांची ओळ व्यवस्थित दिलेली असते. पण तिची सुरुवात कुठून? जीमूतवाहनापासून, ज्यानं नागाला वाचवण्यासाठी शिळेवर बसून स्वतःला गरुडाच्या हवाली केलं त्या विद्याधरापासून. देवगिरीचे यादव स्वतःला यदूपर्यंत नेत. आपल्या काकांनी आपल्या ओळीवर शिलाहार ठेवला, शिलाहारांनी आपल्या ओळीवर जीमूतवाहन. वरची कडी अशीच जोडली जाते.

कागद कुठपर्यंत नेतात?

कामाला लागायचं असेल तर एकच नियम: स्वतःपासून सुरू करा आणि एकेक कडी मागे जा. राजापासून खाली येऊ नका. प्रत्येक कडीला एक कागद हवा, आणि त्या कागदावर दोन पिढ्यांची नावं एकत्र हवीत.

पहिल्या तीन-चार पिढ्या सोप्या. जन्म-मृत्यूचे दाखले, शाळेचा प्रवेश-निर्गम उतारा, सात-बारा, आणि माझ्या मते सगळ्यात उपयोगी म्हणजे फेरफार. जमीन एकाच्या नावावरून दुसऱ्याच्या नावावर गेली की तलाठी फेरफार लिहितो, आणि माणूस वारला असेल तर त्यात वारसांची नावं येतात. अनेकदा मुलींचीसुद्धा. गाव नमुना १४, ज्याला लोक कोतवाल बुक म्हणतात, त्यात गावातले जन्म-मृत्यू असतात, जुने बहुतेक मोडीत. शाई फिकट झालेली, कागद वाळवीनं खाल्लेला. पण खापरपणजोबाचं नाव तिथं एकदा दिसलं की माणसं माझ्यासमोर रडली आहेत. ठाण्या-वसईच्या ख्रिस्ती कुटुंबांनी आपल्या चर्चमधल्या बाप्तिस्म्याच्या वह्या आधी विचाराव्या.

त्याच्या मागे गेलं की वाट दोन ठिकाणी फुटते. एक म्हणजे तीर्थक्षेत्रं. नाशिक, त्र्यंबकेश्वर, पंढरपूर, काशी इथल्या क्षेत्रोपाध्यांच्या वह्यांत यात्रेला आलेल्या माणसानं आपल्या गावाचं, वडलांचं, आजाचं, भावांचं नाव लिहून ठेवलेलं असतं, कधी आई-आजीचंही. कोल्हापूर-सांगली-सोलापूरकडच्या घरांना हेळवी माहीत असतील: सुगीनंतर दारात येऊन घराण्याची वंशावळ म्हणून दाखवणारे आणि धान्य घेऊन जाणारे. वही लिहिणाऱ्याला किंवा म्हणणाऱ्याला तुमच्याकडून जमीन नको होती, म्हणून ही नोंद मला अधिक विश्वासाची वाटते. अर्थात एकाच नावाची दोन घरं मिसळण्याची चूक तिथेही होते.

दुसरी वाट वतनाच्या कागदांची. पुण्याच्या पेशवे दप्तरात महजर आहेत, निवाडपत्रं आहेत, म्हणजे तंट्यांचे लेखी निकाल. पाटीलकी कुणाची, थोरला भाऊ कोण, यावरून भांडण झालं की दोन्ही पक्ष आपापली वंशावळ मांडत. पुढे इंग्रजांनी १८५२ चा कायदा करून इनामांची चौकशी केली तेव्हाही घराघरानं आपली ओळ लिहून दिली. हे कागद मोलाचे आहेत, पण वाचताना एक गोष्ट विसरायची नाही: ती वंशावळ जमिनीसाठी लिहिली होती. गैरसोयीचा चुलता त्यातून गाळला जाई. आणि ज्याच्याकडे वतनच नव्हतं, जो दुसऱ्याचं शेत कसत होता, त्याचा कागद कुणी केलाच नाही. कागद नाही म्हणजे पूर्वज नाहीत असं होत नाही.

या वाटांनी सतराव्या शतकापर्यंत पोचलात तर तुमचं नशीब थोर. मी ज्यांना मदत केली त्यातली बहुतेक घरं एकोणिसाव्या शतकात थांबली. आणि सोमेश्वर त्याच्याही सहाशे वर्षं मागे आहे.

ठाणे-पालघर भागात इथं एक नाव हमखास पुढे येतं: महिकावतीची बखर. इतिहासकार वि. का. राजवाड्यांनी ती १९२४ मध्ये छापली. बिंब राजा उत्तर कोकणात आला आणि त्याच्याबरोबर कोणकोणती कुळं आली, याची हकिकत त्यात आहे, आणि इथल्या कित्येक ज्ञाती आपलं येणं त्या हकिकतीशी जोडतात. ती वाचताना मला नेहमी भारून गेल्यासारखं होतं. आपल्या खाड्या, आपली गावं, माहीम, मालाड, ठाणं, सगळं त्यात आहे. पण पुरावा म्हणून तिच्या मर्यादा आहेत. तिचा जुना भागही पंधराव्या शतकातला, म्हणजे सांगितलेल्या घटनांच्या बराच नंतरचा. बिंब राजा बाराव्या शतकात आला की देवगिरीच्या रामदेवरायाचा मुलगा म्हणून तेराव्याच्या अखेरीस, यावर अभ्यासक एकमत नाहीत. आणि कुळांची यादी म्हणजे माणसांची साखळी नव्हे. ‘आमचं कूळ यादीत आहे’ इथून ‘आमचा पणजोबा’ इथपर्यंत पोचायला मधल्या वीस कड्या लागतातच.

मग डीएनए तपासून घेतला तर?

आजकाल थुंकी पाठवून तपासणी करून घेता येते, आणि लोक मोठ्या आशेनं पैसे भरतात. डीएनए म्हणजे पेशीतला तो लांब धागा ज्यात शरीर घडवायच्या सूचना असतात. तो पुढच्या पिढीत कसा जातो हे गोधडीवरून समजेल. प्रत्येकाकडे दोन गोधड्या असतात, एक आईनं दिलेली, एक वडलांनी. स्वतःचं मूल होताना या दोन्ही उसवून, मोठे मोठे तुकडे घेऊन, एकच नवी गोधडी शिवली जाते आणि ती मुलाला मिळते. उरलेलं अर्धं कापड त्या मुलापुरतं कायमचं गळतं.

आता दहा पिढ्यांमागच्या १,०२४ पूर्वजांचा विचार करा. एका पिढीत कापडाला सरासरी तीस-पस्तीस ठिकाणी काप जातात. त्या हिशोबानं तुमच्या दोन गोधड्यांत त्यांच्याकडून आलेले तुकडे असतील सहाशे-साडेसहाशे. म्हणजे त्या हजारांतल्या कितीतरी जणांचा एकही तुकडा तुमच्यात नाही. ते तुमचे पूर्वज आहेत, त्यांच्याविना तुम्ही झालाच नसतात, पण डीएनए त्यांची साक्ष देत नाही. तीस पिढ्यांमागे तर जागा १०७ कोटी आणि तुकडे दोन हजारांच्या आत. राजा पूर्वज असला तरी त्याचा धागा तुमच्यात असण्याची शक्यता नगण्य.

दोन धागे मात्र न उसवता जातात. एक बापाकडून मुलाकडे, देव्हाऱ्यातल्या टाकांसारखा; त्याला वाय गुणसूत्र म्हणतात. दुसरा आईकडून सगळ्या मुलांना, पण पुढे जातो फक्त लेकीकडून, आजीच्या नथीसारखा. यांच्यावरून फार मागचं काही सांगता येतं, पण ताडून बघायला समोर त्या राजाचा नमुना हवा. इंग्लंडचा तिसरा रिचर्ड १४८५ मध्ये लढाईत मेला आणि २०१२ मध्ये लेस्टर शहरात एका पार्किंगच्या खाली त्याचा सांगाडा सापडला. आईकडचा धागा त्याच्या बहिणीच्या लेकींच्या ओळीतल्या आजच्या माणसांशी जुळला. बापाकडचा धागा मात्र ज्या पाच पुरुषांची राजघराण्याशी नातं सांगणारी कागदोपत्री वंशावळ चोख होती, त्यातल्या एकाशीही जुळला नाही. मधल्या शतकांत कुठेतरी, एकदा तरी, कागदावरचा बाप आणि खरा बाप वेगळे होते. आणि तो देश असा, जिथं सरदारांच्या घराण्यांची एकूणएक नोंद ठेवलेली.

आपल्याकडे राजांचं दहन होत असे, आणि सोमेश्वराला तर समुद्रानंच घेतलं. शिलाहारांचा नमुना कुणाकडेच नाही. त्यामुळे थुंकीच्या तपासणीवरून कुणी तुम्हाला शिलाहार ठरवून देत असेल तर पैसे देऊ नका.

मग फ्रेम खोटी?

काका परवा पुन्हा आले, आईला घेऊन. मी त्यांना हे सगळं सांगितलं. ते बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, “म्हणजे शिलाहार असेल, पण या ओळीतून असेलच असं नाही.” मी म्हटलं, नेमकं तेच. १०७ कोटी वाटांपैकी ही एक. बाकी सगळ्या वाटांत कुठे ना कुठे एखादी आई, आजी, पणजी आहे. राजा आला असेल तर एखाद्या बाईच्या माहेराकडून आला असण्याचीच शक्यता सगळ्यात जास्त, आणि आपल्या वंशावळीत माहेर लिहायची रीतच नाही. वर त्यांच्या फ्रेममध्ये एकूण पाच नावं होती. पाचही पुरुषांची.

त्यात आपल्याकडची आणखी एक अडचण. लग्नात मुलीचं आडनाव बदलतंच, पण तांदळाच्या ताटात अंगठीनं नवं नाव लिहिलं की पहिलं नावही जातं. वडलांचं नाव जाऊन नवऱ्याचं येतं. म्हणजे तीनही नावं नवी. कोतवाल बुकात जन्मलेली मुलगी आणि सात-बाऱ्यावर वारस म्हणून आलेली सून ही एकच बाई आहे, हे कागदावरून ओळखायचं कसं? ते सांगू शकणारी माणसं घरात बसलेली असतात आणि आपण त्यांना विचारत नाही.

मी काकांच्या आईकडे वळलो. “आजी, तुमचं लग्नाआधीचं नाव काय?”

त्यांना आधी वाटलं मी माहेरचं आडनाव विचारतोय. ते सांगितलं, गाव सांगितलं, मुरबाडच्या अलीकडचं. मी पुन्हा विचारलं. मग त्या थोड्या हसल्या आणि नाव सांगितलं. ते त्यांच्या घरचं आहे, इथे लिहीत नाही. काका पासष्ट वर्षांचे आहेत. ते नाव त्यांनी पहिल्यांदा ऐकलं.

“आणि तुमच्या आईचं?”

तेही त्यांना आठवत होतं. आजीचंही आठवत होतं, आणि आजीचं माहेर कुठल्या खाडीपलीकडे होतं तेही. काकांनी फ्रेम उलटी केली, मागच्या पुठ्ठ्यावर माझं पेन घेऊन लिहायला बसले, आणि आई सांगत होती ते मध्ये मध्ये थांबवून विचारत होते, “थांब, हळू. ही तुझी कोण?”